सहा सिलिंडर, समृद्धी आणि आमचं वावर

शोरूममधल्या मुलीने दोनदा बजावलं होतं, ‘सर, कव्हर ओढताना गाडीकडे नाही बघायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं.’ मी अर्थातच गाडीकडे बघितलं. त्यामुळे आज माझ्याकडे जो फोटो आहे, त्यात पस्तिशीतला, पोट सुटायला लागलेला एक गृहस्थ आ वासून निळ्या बॉनेटकडे बघतोय आणि शेजारी त्याची बायको एकदम फोटोजेनिक हसतेय. केकवर माझं आडनाव चुकलेलं होतं. पण त्या क्षणी कोणी माझं नाव गणपत हुलावळे आहे असं सांगितलं असतं तरी मी मान डोलावली असती.

दिवस होता २ ऑक्टोबर २०२५, दसरा. दहा दिवसांपूर्वीच, २२ सप्टेंबरला, जीएसटीचे नवे दर लागू झाले होते. आमच्या वर्गातल्या गाड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर २० टक्के सेस असा ४८ चा फटका होता, तो सरळ ४० वर आला. त्यात दसऱ्याचा मुहूर्त. मग काय विचारता! शोरूमचं पार मंगल कार्यालय झालेलं. झेंडूच्या माळा, गुरुजी, नारळ आणि प्रत्येक गाडीच्या चाकाखाली लिंबू. गुरुजी एका गाडीवर स्वस्तिक काढून होईतो दुसरीचे मालक ‘आमचं कधी?’ म्हणून मागे उभे. आमच्या वाट्याला सोळा मिनिटं आली. मी मोजली नाहीत, बायकोने मोजली.

गाडी कुठली? बीएमडब्ल्यू एम३४०आय. थ्री सिरीजमधली भारतातली सगळ्यात तापट बहीण. ही २०२१ मध्ये आपल्याकडे आली, चेन्नईत जुळवली जाते. तीन लिटरचं पेट्रोल इंजिन, सहा सिलिंडर एका रांगेत, ३७४ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर टॉर्क, चारही चाकांना ताकद आणि शून्यातून शंभरावर ४.४ सेकंदांत. दिसायला मात्र चार दरवाजांची सभ्य सेडान. सोसायटीतल्या काकांना वाटावं, मुलगा बँकेत मॅनेजर झाला वाटतं. मला तेच हवं होतं. ऑफिसातल्या सगळ्यांनी ‘या पैशात एसयूव्ही घे ना यार’ असं समजावून झालं. पण उंच गाडीत बसून मला कायम गच्चीवर उभं राहून गाडी चालवल्यासारखं वाटतं. सेडानमध्ये तुम्ही रस्त्याजवळ असता. (हे वाक्य पुढे माझ्यावरच उलटणार होतं.)

ऑन-रोड किंमत मी आईला सांगितलेली नाही, त्यामुळे इथेही सांगणार नाही. राज्याचा वन टाइम टॅक्सच १३ टक्के आहे, एवढ्यावर अंदाज बांधा.

किल्ली हातात देताना शोरूमच्या मॅनेजरने सगळी बटणं दाखवली, मोड समजावले आणि शेवटी, अगदी सहज, बॉम्ब टाकला. ‘सर, पहिले दोन हजार किलोमीटर रनिंग-इन. इंजिन साडेचार हजार आरपीएमच्या वर नेऊ नका, पेडल पूर्ण दाबू नका. टायर आणि ब्रेकसुद्धा पहिले काही शे किलोमीटर रुळत असतात, तेव्हा जरा सबुरीने.’ म्हणजे समोर जिलेबीचं ताट ठेवायचं आणि मग सांगायचं, आज संकष्टी आहे. चंद्रोदय दोन हजार किलोमीटरनंतर!

दोन हजार किलोमीटर ठाणे ते पवई करत काढायचे म्हटले तर होळी उजाडली असती. पण तो प्रश्न नव्हता. पहिली लांबची फेरी कुठे मारायची हे आधीच ठरलेलं होतं. गावी, मेहकर तालुक्यात, जिल्हा बुलढाणा. रस्ता समृद्धी महामार्ग. आणि खरं सांगायचं तर या गाडीत त्या रस्त्याचा वाटा आहे.

झालं असं, की २०१७ च्या सुमाराला समृद्धीसाठी थेट खरेदीने जमिनी घेतल्या गेल्या, त्यात आमचंही अडीच एकर गेलं. वावराच्या बरोबर मधोमध. उत्तरेला विहीर आणि निंब राहिला, दक्षिणेला काळ्या मातीचा चांगला तुकडा. बाबा आधी ‘देत नाही’ म्हणाले, मग सहा महिन्यांनी सही केली. आलेल्या पैशाचे त्यांनी तीन भाग केले. एकात सोसायटीचं कर्ज आणि घराचं छत, एक बहिणीला, एक मला. मला देताना एकच वाक्य बोलले, ‘मुंबईत घराला कामी येईन.’ मी ते पैसे एफडीत टाकले. सात वर्षं तिथे होते. भाड्याचं घर बदललं, कंपनी बदलली, लग्न झालं, पण एफडीला हात लावला नाही. या ऑगस्टमध्ये मोडली आणि गाडीचं डाउन पेमेंट केलं.

बाबांना सांगितलं नव्हतं. बायकोचं म्हणणं स्पष्ट होतं. ‘गाडी तुझी हौस आहे, मला प्रॉब्लेम नाही. हप्ता तू भर. आणि बाबांना सांगायचं ते तूच सांगायचं, माझ्याकडे बघायचं नाही.’ त्या वीकेंडला तिच्या ऑफिसात रिलीज होती, त्यामुळे बघायला ती गाडीत नव्हतीच.

शनिवारी पहाटे साडेपाचला ठाण्यातून निघालो. साकेत पूल, खारेगाव, भिवंडी बायपास... रोज जिथे आयुष्य जातं तो पट्टा त्या वेळी अर्ध्या तासात मागे पडला आणि आमण्याला समृद्धी सुरू झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता तुकड्यातुकड्याने खुला झाला. नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये, मग भरवीर, मग इगतपुरी आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला. दगड नागपूरपासून मोजलेले आहेत. त्यामुळे मुंबईकडून निघालात की आकडे उतरत जातात. सातशे, सहाशे नव्वद, सहाशे ऐंशी. कोणीतरी उलटी गिनती करतंय असं वाटत राहतं.

हा पहिला तुकडा म्हणजे या रस्त्याचा सगळ्यात देखणा भाग. शहापूरचे डोंगर, दरीवरून जाणारे उंचच उंच पूल, ढग अजून खाली बसलेले. आणि मग इगतपुरीचा बोगदा, जवळजवळ आठ किलोमीटर! ज्या कसारा घाटात आम्ही लहानपणी ट्रॅव्हल्समध्ये उलट्या केल्या, तो घाट आता पोटातून पार होतो. बोगद्यात शिरताना मी एक काम केलं जे या कुळातली गाडी घेतलेला प्रत्येक माणूस करतो आणि कबूल करत नाही. चारही काचा खाली, मोड स्पोर्ट, दोन गिअर खाली. साडेचार हजाराची मर्यादा पाळून. वेग वाढवायची गरजच नव्हती, आवाज हवा होता. सहा सिलिंडरचा तो आवाज भिंतीवर आपटून मागून परत आला तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. शेजारच्या लेनमधल्या टेम्पोवाल्याने माझ्याकडे बघून मान हलवली. कौतुक होतं की कीव, कळलं नाही.

इगतपुरीनंतर घाट संपतो आणि खरी समृद्धी सुरू होते, पांढरी, काँक्रीटची, सरळ. रस्ता ताशी १५० किलोमीटर गृहीत धरून आखलेला आहे, पण कारना मर्यादा १२० ची. या गाडीला १२० म्हणजे काय? इंजिन दोन हजार आरपीएमच्याही खाली, अगदी झोपेतल्या श्वासासारखं. तुम्हाला वाटतं आपण साठने चाललोय. इथेच गडबड आहे. दुचाकी नाही, ट्रॅक्टर नाही, सिग्नल नाही, वळण नाही, चहाची टपरी नाही. अर्ध्या तासाने लक्षात येतं, गेल्या दहा मिनिटांत आपण काय बघितलं ते आठवतच नाहीये. पूर्वी गाडी चालवताना लोक झोपत होते ते थकून. इथे ताजा माणूस पेंगतो. म्हणून ठिकठिकाणी पट्टे मारलेत, झेंडे लावलेत. काँक्रीटवर टायर तापतात, म्हणून २०२३ मध्ये आरटीओने एंट्रीवर टायर तपासायला सुरुवात केली होती. माझे टायर दोन दिवसांचे होते, तरी मी दर थोड्या वेळाने स्क्रीनवर त्यांचं प्रेशर बघत होतो. नव्या बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघतात ना, तसं.

शिर्डी गेली, गोदावरी गेली, संभाजीनगरचे डोंगर आले नि गेले. संभाजीनगरपुढच्या एका पंपाशी थांबून फ्लास्कमधला चहा प्यालो. तेवढ्यात दोन पोरं आली, गाडीसोबत सेल्फी काढून गेली आणि जाताना विचारलं, ‘दादा, टॉप कितीचं?’ अडीचशेला कंपनीनेच लगाम लावलाय म्हटल्यावर त्यांनी रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या डोक्यात काय आलं ते मला कळलं, कारण सकाळपासून माझ्याही डोक्यात तेच होतं.

जालना मागे पडलं आणि सिंदखेडराजाची पाटी दिसली. जिजाऊंचं जन्मगाव. आमच्या शाळेची सहल दर वर्षी इथेच, लखुजी जाधवांच्या वाड्यात. पण आता या पाटीला दुसरीही आठवण चिकटलीय. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस इथे उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्या रात्री बाबांचा पहाटे फोन आला होता, ‘तू कुठी हायेस?’ मी ठाण्यात घरीच झोपलेलो होतो. तरी दोनदा विचारलं. मी गाणी बंद केली आणि क्रूझ कंट्रोल शंभरावर आणला.

आणि मग, मेहकरच्या थोडं अलीकडे, आमचं वावर आलं.

म्हणजे आलं आणि गेलं. डाव्या हाताला निंब दिसला, विहिरीवरची निळ्या पत्र्यांची शेड दिसली, आणि संपलं. घरी येऊन मी हिशेब केला. अडीच एकर, रस्त्याचा पट्टा साधारण १२० मीटर रुंद, म्हणजे लांबी ऐंशी-पंच्याऐंशी मीटर. ताशी शंभरने तीन सेकंद. आजोबांनी दगड वेचून वेचून केलेलं वावर.

गंमत बघा. वावरावरून गेलो, पण घरी पोहोचायला त्यानंतर पाऊण तास लागला. इंटरचेंजला जायचं, टोल द्यायचा आणि मग वीसेक किलोमीटर उलटं मागे यायचं, गावरस्त्याने. या पाऊण तासात ३७४ हॉर्सपॉवरपैकी मी फार तर तीस वापरले. सप्टेंबरच्या पावसाने रस्ता जागोजागी खाल्लेला. पुलाजवळ चिखल, वाटेत तीन स्पीडब्रेकर, प्रत्येक पोस्टाच्या पेटीएवढा. पहिले दोन तिरके घेऊन सुटलो. तिसऱ्यावर पोटाखालून जो ‘खर्रर्र’ आवाज आला तो मला अजून झोपेत ऐकू येतो. सेडानमध्ये तुम्ही रस्त्याजवळ असता!

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन काळं पडलेलं. मराठवाडा-विदर्भातली यंदाची अतिवृष्टी मी टीव्हीवर बघितली होती, बाबांशी फोनवर बोललोही होतो. पण फोनवर वास येत नाही. कुजलेल्या सोयाबीनचा आंबूस वास एसीतून आत आला. आमच्याही राहिलेल्या वावरात शेंगेतच मोड फुटले होते. तलाठी पंचनामा करून गेला होता. अशा वेळी मी निळी चकचकीत गाडी घेऊन, पुढे झेंडूचा हार लावून गावात शिरत होतो. वेशीच्या अलीकडे थांबलो आणि हार काढून डिकीत टाकला.

आईने ओवाळलं, नारळ फोडला, चाकांवर पाणी घातलं. शेजारपाजारचे जमले. बाबा ओट्यावरून उठले नाहीत. पोरं पांगल्यावर हळूच आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, बैल बघताना मारतात तशी. मग वाकून खाली बघितलं.

‘ठेंगणी हाय लय.’

‘हो.’

‘घासली ना कुठी?’

‘तिसऱ्या गतिरोधकावर.’

‘घासणारच.’ विषय संपला. मी त्यांना आपट्याची पानं दिली, पाया पडलो. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दुपारची भाकरी, ठेचा, पिठलं. झोप.

मी ठरवलं होतं की संध्याकाळी त्यांना लोणारला न्यायचं. आमच्याकडून जवळ. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये झालेलं सरोवर, पावणेदोन किलोमीटरहून रुंद, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा जगभर गाजलेलं. त्याच वर्षी रामसर यादीतही गेलं. पाहुणा आला की लोणार, हा आमच्या तालुक्याचा नियमच आहे. बाबांनी स्वच्छ नकार दिला. ‘लोणार जल्मभर पाह्यलं. मले त्या रोडवर ने.’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन वर्षं होत आली, रस्ता त्यांच्या वावरातून पळतोय. त्यांची मोटारसायकल त्यावर चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही. मेहकरला जायचं तर जुनाच रस्ता. म्हणजे ज्याला जमीन दिली त्या रस्त्यावर हा माणूस एकदाही गेलेला नव्हता.

पुन्हा वीस किलोमीटर, पुन्हा ते तीन स्पीडब्रेकर (या वेळी बाबा प्रत्येकाला उतरले, वजन कमी व्हावं म्हणून), पुन्हा मेहकर इंटरचेंज. मुंबईच्या बाजूला लागलो. ते सीटमध्ये इतके खाली बसले होते की खिडकीतून त्यांचा फेटा तेवढा दिसत असणार. रॅम्पवर मी पेडल जरासं दाबलं. जरासंच, रनिंग-इनच्या मर्यादेत. पाठ सीटला चिकटली. बाबांनी दरवाजाचं हँडल धरलं, पण बोलले नाहीत.

‘आता येईल बाबा. डावीकडे बघा.’

‘कुठी?’

‘गेलं.’

ते स्क्रीन बघत होते. पुढच्या इंटरचेंजला उतरलो, फास्टॅगचा मेसेज वाजला.

‘पैसे कटले?’

‘हो.’

‘आपलंच वावर पाहाले?’

मी हसलो. ते हसले नाहीत. वळून परत चढलो. येताना उत्तरेची बाजू डावीकडे येते, म्हणजे निंब, विहीर. मी ऐंशीवर आणली, सगळ्यात डावीकडच्या लेनमध्ये. सूर्य मागे होता, उजेड बरोबर शेतांवर पडलेला. ‘थांबव जरा,’ ते म्हणाले. मी म्हटलं, इथे थांबता येत नाही बाबा, मागून येणारा आपल्यावर येईल. त्यांनी मान हलवली. आणि का कोण जाणे, तेव्हाच मी बोलून गेलो.

‘बाबा, ती एफडी मोडली मी. गाडीला.’

‘कवा?’

‘ऑगस्टात.’

‘समदी?’

‘समदी.’

गाडीत फक्त टायरचा आवाज. या गाडीत बाहेरचं काही ऐकू येत नाही, ही तिची तारीफ आहे, पण त्या वेळी थोडा वारा ऐकू आला असता तर बरं झालं असतं. बाबांनी दरवाजाच्या कातड्यावरच्या शिवणीवरून बोट फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

‘मले वाटलं, घर घेशीन.’

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतं भरपूर. ठाण्यात टू बीएचकेला काय लागतं, ते पैसे त्यात कुठेच पुरले नसते, गाडीचा हप्ता मी भरू शकतो. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही वाक्य त्या गाडीत म्हणण्यासारखं नव्हतं.

‘निंब आला,’ ते म्हणाले.

निंब आला. शेड आली. विहिरीच्या कठड्यावर कोणाची तरी शेळी उभी होती. मग दुसऱ्याचं वावर.

‘कोन्ताची बकरी हाय ते पाह्यलं पायजे,’ बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, मेहकरची पाटी दिसल्यावर, ‘अजून एक चक्कर मार.’

मारली. टोल पुन्हा दोनदा कापला गेला. या चकरेत त्यांनी मला बऱ्याच गोष्टी विचारल्या. पेट्रोल किती खाते, चारी चाकं ओढतात म्हणजे चिखलातून निघेल का, इंजिन पुढे आहे की मागे. ४.४ सेकंदांचं मीच सांगितलं. शून्यातून शंभर. त्यांना पटेना. मग दोन हजार किलोमीटरची अट सांगितली. ती मात्र त्यांना लगेच पटली. नवा गोऱ्हा लगेच नांगराला जुंपत नाहीत, म्हणाले. परतीच्या वेळी निंबापाशी मी स्पीडोमीटर बघायचं विसरलो.

रविवारी निघताना त्यांनी डिकीत तुरीची डाळ, ज्वारीचं एक पोतं आणि लिंबं भरली. ४८० लिटरची डिकी आहे, ब्रोशरमध्ये गोल्फ बॅगचं चित्र आहे. पोतं आत बसवायला आम्हाला दहा मिनिटं लागली. घरच्या रस्त्यावर सगळ्या स्पीडब्रेकरांना, आणखी बसलेल्या पोटाने, सलामी देत गेलो. ठाण्यात पोहोचलो तेव्हा ओडोमीटरवर १,०९० होते.

बायकोने दार उघडल्या उघडल्या विचारलं, ‘सांगितलंस?’ मी हो म्हटलं. ‘काय म्हणाले?’ मी म्हटलं, ज्वारी दिली.

सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये सगळी गँग जमली. किती मारलीस, लाँच केलीस का, समृद्धीवर तर उडवली असशील! मी सांगितलं, अजून नऊशे किलोमीटर बाकी आहेत. कोणाचा विश्वास बसला नाही.

बुधवारी रात्री बाबांचा फोन आला. शेळी शेजारच्या वस्तीवरची निघाली. पंचनाम्याची यादी लागली नव्हती. मग जरा थांबून विचारलं, ‘किती झाले?’

‘काय किती?’

‘किलोमीटर.’

‘बाराशेच्या आसपास.’

‘दिवाळीपोतर होतीन दोन हजार?’

मी म्हटलं, इकडे नुसतं घर-ऑफिस केलं तर नाही होणार. गावी आलो की होतील.

‘मंग ये,’ ते म्हणाले. ‘ते चार सेकंदाचं मले पाहाचं हाय.’